घराची दुरुस्ती आणि विजेचे मीटर
(व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार झाला की गावातील घरांकडेही लक्ष जाते. कोणी भिंत पाडून खोली वाढवितो, कोणी माळवद उतरवून स्लॅब टाकतो. विटा, सिमेंट, सळई यांचा हिशेब घरोघर होतो. पण जुन्या भिंतीवरचे मीटर आणि फ्यूजची पेटी कोठे न्यावयाची, हा विचार बहुधा भिंतीवर पहार पडल्यावरच सुचतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

धाराशिव जिल्ह्यातील जुनी घरे म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच घरे कोसळून लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे दगावली. सास्तूरसारखी गावे त्या दिवशी उद्ध्वस्त झाली. तेव्हा जीर्ण माळवद उतरविणे हे शहाणपणाचेच काम होय. मात्र एक धोका टाळताना दुसरा ओढवू नये.

पुष्कळांचा समज असा असतो की मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवला, म्हणजे घरातील वीज गेली. हा समज जिवावर बेतणारा आहे. फ्यूज काढल्याने त्याच्या पुढची वीज बंद होते. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार मात्र जिवंतच राहते. त्या तारेत २३० व्होल्टचा दाब असतो. गवंड्याची पहार, ओली भिंत, हातातील लोखंडी सळई यांतून तो दाब माणसापर्यंत पोचावयास क्षणही लागत नाही. ही तार खांबावरूनच बंद करावी लागते, आणि ते काम वीज कंपनीच्या माणसाचे आहे.

येथे हद्द नीट समजून घ्यावी. मीटरपर्यंतची व्यवस्था कंपनीची, मीटरपुढची घरमालकाची. पूर्वी हा कारभार महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे होता. २००५ पासून वीजवाटप महावितरणकडे आहे. मीटर हलवावयाचे असल्यास महावितरणच्या कार्यालयात अर्ज करावा आणि ठरलेला खर्च भरावा. घरातील नवी जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल घ्यावा. चार पैसे वाचविण्यासाठी परस्पर मीटर उचलून दुसऱ्या भिंतीवर लावणे हा २००३ च्या वीज कायद्यातील कलम १३८ प्रमाणे गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नवी जागा कशी असावी? दर्शनी भागात, कोरडी, पावसाचे पाणी न लागणारी आणि मीटर वाचणाऱ्यास सहज दिसणारी. न्हाणीघराची भिंत टाळावी. जेथे कडबा किंवा सरपण रचले जाते, तेथे फ्यूजची पेटी कदापि नसावी. सैल जोडणीतून उडालेली एक ठिणगी कडब्यास पुरते. मेन स्विचपर्यंत अंधारातही हात पोचला पाहिजे आणि त्याच्यापुढे पोती रचू नयेत.

माळवदाच्या जागी स्लॅब आला, वर मजला चढला, की पूर्वी डोक्यावरून उंच जाणारी तार गच्चीवर हाताशी येते. घरगुती दाबाची तार सपाट छपरावरून जात असल्यास किमान २.५ मीटर उंच, आणि बाजूने जात असल्यास १.२ मीटर दूर असावी, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत सांगितले होते. २०१० च्या नियमांतही हीच अंतरे आली. म्हणून तारेचा मार्ग स्लॅब पडण्यापूर्वीच ठरवावा. सळया वर चढविताना तर या तारेचे भान सतत ठेवावे.

आता अर्थिंगविषयी. भिंत पाडताना अर्थिंगची तार तुटते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण दिवे पूर्वीसारखेच लागतात, पंखा फिरतो, मोटार चालते. उणीव कळते ती लोखंडी कपाटाला किंवा मोटारीला हात लावल्यावर. नव्या पेटीबरोबर अर्थिंगही नवे करून तपासून घ्यावे. या भागात खाली मुरूम व काळा पाषाण. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा गुण कमी होतो. यास्तव खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

फ्यूजची तार वारंवार जळते म्हणून तिच्या जागी जाड तांब्याची तार बांधण्याची खोड अनेक घरांत असते. मग जळावयाचा तो फ्यूज जळत नाही, भिंतीतील तार तापते. शिवाय फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारे यंत्र पेटीत बसवावे. पाच अँपिअरचा फ्यूज ज्या गळतीकडे ढुंकूनही पाहत नाही, ती माणसाचा प्राण घेऊ शकते; हे यंत्र मात्र क्षणार्धात वीज तोडते.

सारांश, आधी नवी जागा ठरवावी, मग अर्ज करावा, खांबावरून वीज बंद झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच भिंतीवर पहिली पहार घालावी. दोन-चार दिवस कंदिलावर काढावे लागले तरी घरात काही उणे पडत नाही. भिंतीपाशी राबणारा गवंडी आणि त्याचा मजूर संध्याकाळी धडधाकट घरी गेले पाहिजेत. ती जबाबदारी घरधन्याची आहे.