घर अर्धं, दिवाळी पुरी
(साक्षरता वर्गातील भाषण)



मी काही वक्ता नाही. तुमच्यासारखाच शेतकरी माणूस आहे. गुरुजी म्हणाले, "तुमच्या घराची हकिकत वर्गाला सांगा." म्हणून उभा राहिलो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही जुनं घर दुरुस्तीला काढलं. माजघरावर कौलं होती. वासे कुजले होते. ते उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. मिस्त्री म्हणाला, "दसऱ्याला स्लॅब, दिवाळीला रंग." आम्ही खूश झालो. बहिणीला निरोप धाडला, "भाऊबीजेला ये. नव्या घरात बसू."

पण बोलल्यासारखं होतं कुठं? परतीचा पाऊस लांबला. वाळूची गाडी वेळेवर आली नाही. स्लॅब पडला तो कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी. आता तुम्हीच दिवस मोजा. धनत्रयोदशीला त्याला दहा दिवस होणार. लक्ष्मीपूजनाला बारा. भाऊबीजेला चौदा.

स्लॅबखाली सगळीकडे टेकू उभे. माजघरात पाट मांडायलाही जागा नाही. धनत्रयोदशीला सकाळी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, स्लॅब चांगला वाळलाय. वरून चालून बघितलं, दगडासारखा लागतो. टेकू काढून टाकू. घर मोकळं होईल." खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. आम्ही पहार घेऊन आत गेलो.

तेवढ्यात आमच्या घरच्या मंडळी वही घेऊन आल्या. त्यांनी याच वर्गात अक्षरं आणि अंक शिकून घेतले होते. स्लॅबवर पाणी घालायचं काम त्यांच्याकडे होतं. एक दिवस पाणी घातलं की वहीत एक रेघ. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हात लावू नका. दहाच रेघा झाल्यात. इंजिनिअरसाहेबांनी 21 लिहून दिलंय."

वहीच्या पहिल्या पानावर खरंच 21 दिवस लिहिलं होतं. स्लॅब पडला त्या दिवशी साहेब येऊन गेले, तेव्हा यांनीच विचारून लिहून घेतलं होतं. आम्ही दोघे भाऊ तिथंच होतो. ऐकलं होतं, पण सणाच्या गडबडीत विसरलो होतो. वही विसरली नव्हती.

आता यातलं कारण समजून घ्या. सिमेंट वाळून घट्ट होतं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होतं. म्हणून तर स्लॅबवर वाफे करून पाणी तुंबवून ठेवतात. साधं सिमेंट असलं तरी कमीत कमी 7 दिवस पाणी द्यावं लागतं. राख मिसळलेलं सिमेंट असेल, तर 10 ते 14 दिवस. वरून स्लॅब दगडासारखा लागला, तरी आतला जोर हळूहळू येतो.

टेकूंचंही तसंच. साध्या सिमेंटचा स्लॅब असेल आणि गाळा साडेचार मीटरपर्यंत, म्हणजे पावणेपंधरा फुटांच्या आत असेल, तर टेकू निदान 7 दिवस ठेवायचे. गाळा त्याहून मोठा असेल तर निदान 14 दिवस. ही झाली कमीत कमी मुदत. आमचं माजघर 16 फुटी. सिमेंट राख मिसळलेलं. ते सावकाश जोर धरतं. म्हणून साहेबांनी 21 सांगितले. तुमच्या घराचं तुमच्या इंजिनिअरला विचारा, आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.

वाटेत येतो म्हणून एखादा टेकूही काढू नये. दहाव्या दिवशी आम्ही टेकू काढले असते आणि स्लॅब खाली आला असता, तर? खाली कोण असतं? आमचीच पोरं. तो विचार आला की आजही अंगावर काटा येतो.

मग दिवाळी कशी केली? घराप्रमाणे सण बेतला. त्या खोलीला दोरी बांधून पोरांना आत जायची बंदी केली. फराळ चुलत्यांच्या घरी केला, कारण आमच्याकडे सगळीकडे सिमेंटची धूळ. पाच जिन्नसांऐवजी चकल्या आणि लाडू एवढेच केले. गोठ्यापुढचं अंगण सारवून घेतलं. तिथं रांगोळी काढली, पणत्या लावल्या, लक्ष्मीपूजनही तिथंच केलं.

काम चालू असलेल्या घरात सणाला काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. सेंट्रिंगच्या फळ्यांना तेल लावलेलं असतं. तिथं पणती ठेवू नये आणि फटाकेही उडवू नयेत. रंग आणि थिनरचे डबे दिव्यापासून लांब ठेवावेत. उघड्या तारांवर रोषणाईच्या माळा जोडू नयेत. ओली भिंत आणि उघडी तार एकत्र आली की जिवाशी गाठ असते. फळ्यांचे खिळे वेचून डब्यात ठेवावेत. पायात खिळा गेला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं. पाण्याचा हौद झाकून ठेवावा. लहान मूल हौदात पडायला वेळ लागत नाही.

आता मिस्त्रीची गोष्ट. तो विजापूरकडचा. धनत्रयोदशीलाच संध्याकाळी म्हणाला, "मालक, गावी जातो. पोरं वाट बघत असतील." भावानं मला बाजूला घेतलं. "दादा, त्याचे पैसे अडकवून ठेव. नाहीतर तो परत यायचा नाही." मंडळींनी पुन्हा वही उघडली. त्यात त्याचे साडेसहा दिवस मांडलेले होते. 2000 रुपये उचल घेतल्याचीही नोंद होती. त्या म्हणाल्या, "उचल वजा करा आणि बाकीचे आजच द्या. त्यानं घाम गाळलाय. आपल्याला दिवाळी आहे, तशी त्यालाही आहे."

ते मला पटलं. झालेल्या कामाचे पैसे पुरते दिले. पुढच्या कामाची उचल मात्र दिली नाही. कुठलं काम राहिलं, तो कधी येणार, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. तो ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा आला. पण आला, आणि काम पुरं करून गेला. फरशी बसवणारा बिहारकडचा होता. त्यांची छठपूजा दिवाळीच्या अमावास्येनंतर सहाव्या दिवशी असते. ती झाल्यावरच तो आला. कामाला माणूस ठरवतानाच त्याचा सण कधी, हे विचारून घ्यावं. म्हणजे पुढे चडफड होत नाही.

भाऊबीजेला बहीण आली. मी म्हणालो, "ताई, नव्या घरात बसवू म्हणालो होतो. गोठ्यासमोर बसवावं लागतंय." ती हसली. म्हणाली, "मी भावांना ओवाळायला आले, स्लॅबला नाही." तिनं आम्हा दोघांना अंगणात ओवाळलं. आत टेकू तसेच उभे होते. वहीत त्या दिवशी चौदावी रेघ पडली.

एकविसाव्या रेघेनंतर साहेबांना दाखवून टेकू काढले. आज त्याच माजघरात आम्ही जेवतो.

मंडळी, दिवाळी पुढच्या वर्षी पुन्हा येते. गेलेला माणूस परत येत नाही. सणासाठी घराची घाई करू नका. घर अर्धं असेल, तर सण थोडक्यात करा. पण आनंदानं करा. आणि एक वही घाला. स्लॅब कधी पडला, पाणी किती दिवस घातलं, कुणाला किती पैसे दिले, सगळं लिहा. आपण या वर्गात अक्षरं शिकतो ती नुसती सहीपुरती नव्हेत. माझं घर त्या रेघांनी वाचवलं.

एवढं बोलून मी खाली बसतो.