वाळवंटांतील मोटारीची वाट



मोटारीच्या चारी चाकांना इंजिनाचा जोर मिळाला, कीं वाळवंट जिंकलेंच, असा समज रूढ आहे. परंतु ज्यांचा जीवच मोटारीवर अवलंबून होता, त्या लोकांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे.

1940 सालीं राल्फ बॅग्नोल्ड ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें ईजिप्तमध्यें ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही लष्करी तुकडी उभारली. शत्रूच्या पिछाडीस, लिबियाच्या वाळवंटांत शेंकडों मैल शिरून टेहळणी करणें हें तिचें काम. तिच्या पहिल्या शेव्हरोले मालमोटारींत जोर मागच्याच चाकांना होता. 1941 सालीं चारी चाकांच्या फोर्ड गाड्या आल्या. पण त्या जड, आणि पेट्रोल बेसुमार पिणाऱ्या. जेथें पाण्याचा व पेट्रोलचा प्रत्येक डबा बरोबर वाहावयाचा, तेथें हा दोष जिवावर बेतणारा. 1942 सालीं तुकडीनें पुन्हां मागच्या चाकांच्याच शेव्हरोले घेतल्या!

मग ह्या गाड्या वाळूंतून जात कशा? युद्धापूर्वीं साध्या फोर्ड मोटारींतून हिंडतांनाच बॅग्नोल्डनें हें ज्ञान मिळविलें होतें. टायरांतली हवा निम्म्यावर आणली, कीं टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो. तेंच वजन अधिक वाळूवर वांटलें जातें व चाक वर राहतें. चाक जागींच फिरूं लागलें तर पाय तत्काळ उचलावा. घाबरून अधिक जोर दिला तर चाक आपला खड्डा आपणच खणतें; आणि चारी चाकें फिरत असतील तर खड्डेही चार! अशा वेळीं फावड्यानें वाळू उपसून चाकाखालीं पोलादी पट्टे घालीत. टेकडी वेगानें चढावी हें खरें, पण माथ्यावर सावध असावें. वाऱ्याआडची बाजू एकदम 30 अंशांहून अधिक उतरती असते.

चारी चाकांचा जोर निरुपयोगी, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. 1942 सालींच ह्या वाळवंटांत जीप गाड्या आल्या, आणि हलकेपणामुळें त्या चांगल्याच चालल्या. खडकाळ चढावर हळू गिअरमध्यें पुढचीं चाकें ओढतात, मागचीं ढकलतात. हा लाभ मोठा. तरी एका आंसावरील दोन चाकांना जोर वांटणाऱ्या दंतचक्रांची एक खोड आहे. एक चाक अधांतरीं झालें, कीं तेंच गरगर फिरतें आणि जमिनीवरचा त्याचा जोडीदार स्वस्थ बसतो! हल्लींच्या कांहीं गाड्यांत हीं चक्रें जखडण्याची सोय असते.

वाळू संपून दगडी पठार लागलें, कीं टायरांत हवा पुन्हां भरावी लागते. नाहीं तर मऊ टायर तापून फाटतो. हवा सोडावयास कांहींच लागत नाहीं. भरावयास पंप लागतो, आणि घाईनें निघालेली मंडळी नेमका तोच घरीं विसरतात.