कामगाराची सुटी आणि खाडीवरची पाखरे



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. आमचे शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतील एका कपाटभर पुस्तकांवर झाले. चालकांनी आम्हांला ‘कामगार चळवळीचे भवितव्य’ हा विषय सुचविला होता. आम्ही पाखरांवर बोलतो म्हणालो, तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे शेवटी आपणच ठरवा.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एक रासायनिक कारखाना दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद होता. कायम कामगारांना भरपगारी सुटी; कंत्राटी कामगारांना सुटी होती, पगार नव्हता. अशा आठवड्यात कोणी गावी जातो, कोणी झोपा काढतो. आम्ही चौदाजण पाखरे पाहायला निघालो. त्यांत यंत्रावरचे कामगार होते, वाशीच्या बाजारातले दोन माथाडी होते, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक बाई होत्या. दुर्बिणी दोन, त्याही मागून आणलेल्या.

पहिली टीका आमच्याच माणसांकडून झाली. ‘भाऊ, हे भरल्या पोटाचे खूळ!’ आम्ही त्यांना विचारले, तुमचा रविवार कोणी मिळवून दिला? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा घेतली, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी लागू झाली. ती काय केवळ सोमवारी पुन्हा राबता यावे म्हणून? आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले, ही घोषणा आम्ही दर १ मेला देतो. पण त्या ‘आपल्या’ आठ तासांचे करायचे काय, हे आम्ही कधी बोललोच नाही.

पहिले दोन दिवस ऐरोलीच्या खाडीत गेले. बरोबर एक म्हातारे कोळी होते. त्यांनी सांगितले, अष्टमीला भांग, पुनवेला-अवसेला उधाण. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित पक्षी त्यावर उतरतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून, पाणी गाळून त्यातले बारीक शेवाळ खातात. त्यांचा गुलाबी रंग त्या अन्नातूनच येतो. भरती आली की चिखल बुडतो, आणि मग त्यांना टेकायला दुसरी उथळ जागा लागते. ती जागा म्हणजे नेरूळ-बेलापूरकडची तळी. खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. परंतु पाखराला अभयारण्याची हद्द कळत नाही, भरती कळते. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या तळ्यापाशी रोहित मेलेले सापडले; खाडीचे पाणी आत येण्याची वाट बुजल्याने तळे आटले, अशी तेव्हा तक्रार होती. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या तळ्याच्या काठी उभे राहिलो. एक माथाडी म्हणाला, ‘म्हणजे यांचीही दिवसपाळी आणि रात्रपाळी निराळी. आणि विसाव्याची खोलीच मालकाने बंद केली म्हणायची.’ याहून सोपे करून आम्हांला सांगता आले नसते.

पुढे दोन दिवस पनवेलपलीकडच्या कर्नाळ्याला गेलो. हे अभयारण्य १९६८ सालचे. तेथे झाडीतून ‘टुक् टुक् टुक्’ असा आवाज येत होता. कोणी तांब्याचे भांडे ठोकीत बसावे तसा. तो तांबट! मग नावांचीच यादी निघाली. पाने शिवून घरटे करणारा शिंपी, खोडावर चोच मारणारा सुतार, पाणवठ्यावर शेपटी आपटणारा धोबी, भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा खाटीक. कॅन्टीनच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, ही तर आपलीच आळी!’ बंधूंनो, ही नावे कोणी दिली? ज्यांनी दिली त्यांनी हे धंदे जवळून पाहिले होते आणि पाखरेही पाहिली होती. मग पक्षीनिरीक्षण श्रीमंतांचे झाले कधी?

सलीम अलींचीच गोष्ट घ्या. मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांच्या टंचाईत गेली. बेकार होऊन ते अलिबागेजवळ किहीमला राहिले. तेथे झाडावर सुगरणींची वसाहत होती. ती त्यांनी महिनोन् महिने न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पाहून जाते, पसंत पडले तरच ते पुरे होते, हे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. होते ते डोळे आणि वेळ.

आता शेवटच्या दिवसाविषयी. एका नाल्याच्या मुखाशी आम्ही शेकाटे पाहत होतो. लांब लाल पायांचे ते पक्षी काळ्या, फेसाळ पाण्यात काहीतरी वेचीत होते. दुर्बीण आमच्यातल्या एकाच्या हातात होती. त्याने ती खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, ‘भाऊ, हे पाणी आमचं आहे. रात्रपाळीला ती चावी मीच फिरवतो.’

कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, कारण आम्हांला ते ठाऊक होते. वीस वर्षे आम्ही त्या कारखान्यात करार केले. महागाई भत्ता मागितला, बोनस मागितला, कॅन्टीनचा चहा सुधारून घेतला. चावीचा शब्द एकाही करारात नाही. कारखाना बंद पडेल, चुली विझतील, ही भीती आम्ही पुढे केली. ती भीती खोटी नव्हती. पण तिच्या आड आम्ही लपलो, हेही खरे.

बरोबरचे कोळीबाबा एवढेच म्हणाले, ‘पूर्वी येथे जाळे टाकीत असू.’

त्यानंतरच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले: सांडपाणी शुद्ध न करता सोडण्याचा हुकूम जो कामगार नाकारील, त्याला शिक्षा होता कामा नये. मालकाने ते अजून मान्य केलेले नाही. आमच्याच काही सभासदांचा त्याला विरोध आहे; त्यांना आम्ही गद्दार म्हणत नाही. त्यांच्या घरी हप्ते आहेत. आम्ही त्यांना पुढच्या सहलीला बोलावतो.

एक गोष्ट सांगून थांबतो. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असे सांगतात. असोत. पण बारा तास राबून घरी आलेला माणूस नाल्याच्या मुखाशी जाऊन उभा राहील काय? आणि तो उभा राहिला नाही, तर तेथे काय वाहते आहे हे पाहणार कोण? त्या चावीवर कोणाचा हात आहे हे फक्त तोच सांगू शकतो; आणि ते त्याला सुचले, ते सुटीच्या दिवशी, हातात दुर्बीण असताना.