जनुकांचे जेर-पेश
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या मुळशी तालुक्यात पालकांची सभा म्हटली की फी, हजेरी आणि निकाल यांवरच बोलणे होते. आज मी मुलींच्या जेवणावर बोलणार आहे, आणि तेही विज्ञानाच्या आधाराने.

उर्दूत अलिफ आणि सीन ही दोन अक्षरे शेजारी-शेजारी लिहा. जेरची खूण केली की ‘इस’, पेशची खूण केली की ‘उस’. अक्षरे तीच, वाचन मात्र बदलले. शरीरातही असेच घडते. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशींत डीएनए एकच असतो. त्यातले कोणते जनुक वाचायचे व कोणते मिटून ठेवायचे, हे त्यावरील बारीक रासायनिक खुणा ठरवितात. खुणा करणारी, पुसणारी व वाचणारी प्रथिने वेगवेगळी असतात. या शास्त्रास एपिजेनेटिक्स म्हणतात. गर्भ वाढत असता ही प्रथिने अखंड राबतात. एमईसीपी२ हे खुणा वाचणारे प्रथिन बिघडले तर रेट सिंड्रोम होतो, आणि तो बहुतेक मुलींनाच. हसती-खेळती दीड वर्षाची पोर शिकलेले शब्द विसरते, हातांचा उपयोग विसरते. हे कारण १९९९ साली उमगले.

असा आजार विरळा. मधुमेह मात्र घरोघरी आहे.

या खुणांपैकी एक महत्त्वाची खूण मिथाइल गटाची. तो पुरविण्याच्या कामी फोलेट व बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत माता-बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त! दोन-तृतीयांश मातांना बी-१२ कमी होते. ज्यांना बी-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद मिळत होती. हा संबंध खुणांच्या वाटेनेच जुळतो काय, याचा शोध चालू आहे. (हे ऐकून गरोदर स्त्रीने डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी ती आवश्यक आहे.)

“आम्ही तर मटण खाणारे, आम्हाला काय कमी?” असे कोणी म्हणेल. घरात मटण शिजते हे खरे. परंतु बोट्या कोणाच्या ताटात जातात? पाहुणे, वडील, मग मुलगा. मुलीच्या वाट्याला रस्सा आणि बटाटा. दुधाचा पेलाही आधी भावाला. पालेभाजीतून फोलेट मिळते, बी-१२ मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासळी व मांस यांतून येते.

लग्नानंतर, दिवस गेल्यावर खाऊ घालू, हा हिशेबही चुकीचा आहे. गर्भावरील खुणांची मांडणी पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. तेव्हा आपण आई होणार हे मुलीला ठाऊकही नसते. म्हणूनच पुण्याच्या त्या संशोधकांनी २०१२ साली, १९९३च्या अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींनाच, लग्न होण्याआधी, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहण्यास आरंभ केला. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन.