कॉलेजचं गाव आपलं कधी होतं?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘बदलतं तंत्रज्ञान’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून तो विषय माझ्या वाट्याला येणार हे ठरलेलंच. पण मी तो बदलून मागितला. कारण गेले दोन महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तंत्रज्ञानाचा कुणी चकार शब्द काढलेला नाही. आपल्यातल्या निम्म्याअधिक जणांची मुलं बारावीला आहेत किंवा नुकतीच पास झाली आहेत. ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ एकच चर्चा आहे: सीईटीचे मार्क, कॅप राउंड, कुठला पर्याय वर टाकायचा. आणि प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे एक प्रश्न असतो, “कॉलेज बरं आहे गं, पण गाव कसं आहे?”

प्रश्न चुकीचा नाही. चार वर्षं पोर तिथे राहणार, म्हणजे गाव बघायलाच हवं. पण गाव आवडेल की नाही, हे त्या गावावर किती आणि तिथे आपलं पोर काय करतं यावर किती अवलंबून असतं, याबद्दल आज थोडं बोलते.

मी लोणेऱ्याला शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, रायगड जिल्हा, माणगाव तालुका. १९८९ च्या कायद्याने हे विद्यापीठ झालं. मी गेले १९९९ मध्ये. सोलापूर जिल्ह्यातून जाणाऱ्या माणसाला लोणेरे म्हणजे काय, हे पावसाच्या हिशोबात सांगते. आपल्याकडे वर्षभरात मिळून ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण पेढे वाटतो. तिथे तीन हजारांच्या वर. कपडे वाळत नाहीत, वह्यांना वास येतो, चपलेला बुरशी धरते. बाहेर मुंबई-गोवा महामार्ग, त्यावरून जाणारे ट्रक, आणि बाकी भातखाचरं. सिनेमा नाही, मोठा बाजार नाही. एका बाजूला माणगाव, दुसऱ्या बाजूला महाड. काही हवं असेल तर हात करून एसटी थांबवायची.

आता गंमत बघा. पाऊस सगळ्यांना सारखा, मेसची आमटी सारखी, एसटी सारखी. तरी चौथ्या वर्षाच्या शेवटी दोन जातीची माणसं तयार झाली होती. एकांना लोणेरे म्हणजे काढलेली चार वर्षं वाटायची. दुसऱ्यांचा पाय तिथून निघत नव्हता. हुशारी, पैसा, शहरातली की खेड्यातली, असं कुठलंही माप लावलं तरी ही विभागणी नीट बसत नाही. मुंबईहून आलेल्या काही मुली तिथे रमल्या होत्या आणि शेजारच्या तालुक्यातली काही मुलं दर शुक्रवारी बॅग भरून तयार असायची. फरक बहुतेक वेळा एवढाच होता की कॉलेजच्या तासांपलीकडे त्या माणसाचं तिथे काही काम होतं की नव्हतं.

काम म्हणजे काय? राष्ट्रीय सेवा योजना घ्या. आपण तिला नुसतं एनएसएस म्हणतो. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा नियम. कागदावर हे मार्कांसाठी भरायचे तास. प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही एखाद्या वाडीत सात दिवस राहता. कुणाच्या तरी ओसरीवर जेवता. पाणी कुठून येतं, कुणाच्या घरातलं कोण मुंबईला गिरणीत होतं, भाताची लावणी कधी, हे कळतं. परत आल्यावर त्याच महामार्गावरून एसटीने जाताना खिडकीबाहेरची ती वाडी नुसती हिरवी राहत नाही. तिथे तुमच्या ओळखीची माणसं असतात.

स्नेहसंमेलनाचंही तसंच. मंडपवाल्याशी घासाघीस करायची, महाडला जाऊन पत्रिका छापून आणायच्या, स्पीकरवाल्याने दगा दिला तर दुसरा शोधायचा. चार वर्षं नुसता अभ्यास करणाऱ्याला महाड म्हणजे बसस्टँड. संमेलनाचं काम केलेल्याला महाड म्हणजे छापखान्यातले काका, उधारीवर कापड देणारं दुकान, आणि उशीर झाला की चहा पाजून बसवून ठेवणारा हॉटेलवाला. मग हीच मंडळी सुट्टीच्या दिवशी चवदार तळ्यावर जाऊन येतात, कारण १९२७ चा सत्याग्रह जिथे झाला ती जागा आता ‘आपल्या महाडात’ आहे. पावसाळा संपला की रायगड चढतात. ‘आपल्या’ हा शब्द कुठल्या दिवशी चिकटतो ते कळत नाही, पण तो कामाशिवाय चिकटत नाही.

हे फक्त कोकणातलंच नाही. राजस्थानात पिलानी आहे. झुंझुनू जिल्ह्यातलं वाळवंटाच्या कडेचं गाव, उन्हाळ्यात होरपळ आणि हिवाळ्यात कडाका. तिथल्या बिट्समध्ये शिकलेला माणूस तुमच्या ऑफिसात असेल तर त्याला गावाबद्दल विचारून बघा. अर्धा तास तो ‘ओअॅसिस’ या महोत्सवाबद्दल बोलेल, जो विद्यार्थीच उभा करतात. आजूबाजूला करमणुकीचं काही नाही, म्हणून मुलांनी ते आतच तयार केलं, आणि आज त्यांना पिलानी म्हटलं की तेच आठवतं.

उलट उदाहरण पुण्याचं. पुण्यात सगळं आहे, म्हणून आपण सगळे पुण्याच्या मागे. पण मुळा-मुठेवरच्या पुलांवरून रोज हजारो लोक जातात, त्यातले किती जण खाली नदीकडे बघतात? आणि तिथेच सीओईपीचा बोट क्लब आहे. त्यातली मुलं नदीवर वल्ही मारतात, ‘रेगाटा’साठी महिनोन्महिने सराव करतात. पाणी कधी चढतं, कधी उतरतं, जलपर्णी कुठे अडकते, हे त्यांना ठाऊक असतं. शहर तेच, नदी तीच. पण एकाला ती वास येणारी नदी वाटते आणि दुसऱ्याला स्वच्छ व्हायला हवी अशी आपली नदी. म्हणजे मोठ्या शहरातही आपलेपणा फुकट मिळत नाही. पुण्याला जाऊन चार वर्षं खोली, क्लास आणि मोबाईल यांतच राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना पुणं आवडलं का विचारलं तर म्हणतात, “ठीक आहे, ट्रॅफिक फार.”

अभ्यासकांनीही यावर बरंच काम केलं आहे. अमेरिकेत अलेक्झांडर अॅस्टिन नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी १९८४ मध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागाबद्दल एक सिद्धांत मांडला. सोप्या मराठीत तो असा: विद्यार्थी कॉलेजच्या आयुष्यात शरीराने आणि मनाने जितकी शक्ती घालतो, तितकं त्याला त्यातून मिळतं. त्याही आधी, १९५० मध्ये फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक पुस्तक आलं. एमआयटीमधल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री होते, याचा त्यांनी शोध घेतला. निघालं काय, तर दाराला लागून दार असलेल्यांची मैत्री सर्वांत जास्त, आणि ज्यांची घरं जिन्याजवळ त्यांच्या ओळखी वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांवर. स्वभाव जुळण्याच्याही आधी येता-जाता पुन्हा पुन्हा गाठ पडावी लागते. नाटकाची तालीम, क्रिकेटची नेट, भित्तिपत्रकाचं टेबल हे असे जिनेच आहेत. तिथे रोज गाठ पडते.

आता मी इंजिनियर आहे, त्यामुळे एक शंका मीच काढते. कदाचित जी मुलं मुळातच आनंदी, बोलकी, तीच भाग घेत असतील आणि त्यांनाच गाव आवडत असेल? मग सहभागाने समाधान आलं असं कशावरून? शंका खरी आहे, आणि काही अंशी तसं घडतही असेल. पण माझी रूममेट आठवते. पहिलं वर्षभर ती दर आठवड्याला घरी जायची आणि लोणेऱ्याला नावं ठेवायची. दुसऱ्या वर्षी एकांकिकेत कपडेपटाला माणूस कमी पडला म्हणून तिला ओढून नेलं. स्टेजवर ती कधीच गेली नाही, बोलकीही झाली नाही. पण तिचं घरी जाणं महिन्यावर आलं. स्वभाव तोच होता, गाव तेच होतं. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे तुम्हाला भूमितीच्या सरांनी शिकवलंय. पण अशी रूममेट तुमच्यापैकी प्रत्येकाला एखादी तरी आठवत असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर माझं बोलणं म्हणजे “गाव कसंही असो, मन लावा” असा उपदेश होईल. तसं नाही. रात्री दवाखाना मिळत नसेल, रस्त्यावर दिवे नसतील, पाणी येत नसेल, तर तो प्रश्न गॅदरिंगने सुटत नाही. आणि भाग घेणं हे सगळ्यांच्या हातातही नसतं. तालीम संध्याकाळी सहाला सुरू होते आणि गावाकडची शेवटची एसटी सव्वासहाला सुटते, त्या मुलाने काय करायचं? दुपारनंतर दुकानात काम करून फी भरणाऱ्याने काय करायचं? मुलांच्या हॉस्टेलला वेळेचं बंधन नाही आणि मुलींच्या हॉस्टेलचं फाटक दिवेलागणीला बंद, अशा ठिकाणी मुलीने काय करायचं? दिल्लीत २०१५ मध्ये मुलींनी ‘पिंजरा तोड’ ही मोहीम काढली ती याच फाटकांवरून. फाटक लवकर बंद झालं की मुलीच्या वाट्याचं ग्रंथालय कमी होतं, नाटक कमी होतं, गाव कमी होतं. मग ती म्हणते, मला हे शहर आवडलं नाही. आवडणार कसं? तिला ते दिसलंच नाही.

काही वेळा फाटक उघडं असतं पण माणसं बंद असतात. भाषा, आडनाव, कपडे, इंग्रजी यांवरून कंपू होतात. खेड्यातून आलेलं पोर दारात उभं राहतं आणि कुणी ‘ये’ म्हणत नाही. ते पोर घरी येऊन हे सांगत नाही. सांगायला लाज वाटते. ते म्हणतं, “आई, ते गावच मला आवडत नाही.” गावावर ठपका ठेवणं सर्वांत सोपं, कारण गाव उलट बोलत नाही. म्हणून आयांनो आणि बापांनो, मुलाने असं म्हटलं तर लगेच कॉलेज बदलायच्या चौकशीला लागू नका आणि “सोस थोडं” असंही म्हणू नका. एवढंच विचारा, “तिथे संध्याकाळी तू कुणाबरोबर असतोस?” उत्तरात एकही नाव आलं नाही, तर दुखणं कुठे आहे ते कळेल.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि प्लेसमेंटचा फलक बघाच, पण आणखी चार गोष्टी विचारा. पहिल्या वर्षाच्या मुलांना कुठल्या उपक्रमात घेतात? तालमी आणि खेळ किती वाजता असतात, आणि त्यानंतर बस आहे का? मुलींना त्या वेळी बाहेर राहता येतं का? रविवारी मुलं काय करतात? ही उत्तरं ऑफिसात विचारू नका, कॅन्टीनमध्ये विचारा. प्रवेश झाल्यावर मुलाला सांगा, पाच गोष्टींत नाव घालू नकोस, एकच धर, पण पहिल्या दोन महिन्यांत धर. नंतर कंपू ठरून जातात. आणि दर शनिवारी “कधी येतोस?” असा फोन करू नका. हे सांगणं सोपं आहे, माझीही मुलगी पुढच्या वर्षी बाहेर जाणार आहे, तेव्हा हे वाक्य मलाच पाठ करावं लागेल.

आमच्या सरांना आणि बाईंना मात्र यात नवीन काहीच वाटलं नसेल. आपल्या शाळेचं मैदान म्हणजे मुरूम, पडलं की गुडघा फुटलाच. तरी आज सगळे जण गाडीतून उतरल्यावर आधी त्या मैदानावर का गेले? कारण तिथे प्रत्येकाला काम होतं. कुणाकडे घंटा, कुणाकडे फळ्यावरचा सुविचार, कुणाकडे झेंडावंदनाची रांगोळी, कुणाकडे माठात पाणी भरणं. शिक्षकदिनी शेवटच्या बाकावरच्यालाही शिपायाची टोपी मिळायची. बाई, तुम्ही कुणालाच रिकामं बसू दिलं नाहीत. तेव्हा आम्ही कुरकुर केली. आज कळतं की ही शाळा आमची झाली ती तुम्ही दिलेल्या त्या कामांमुळे.

शेवटी एक मागणी. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर चर्चा चालू आहे. प्रोजेक्टर द्याच. त्याबरोबर पैसे न लागणारी एक गोष्ट करू. आपण आज पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, बंगळूरु असे विखुरलेलो आहोत. शाळेतून बारावी होऊन बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला त्या शहरातला आपल्यातला एक माणूस नेमून देऊ. त्याने पहिल्या महिन्यात एकदा भेटायचं, जेवायला घालायचं, आणि विचारायचं, “संध्याकाळी कुणाबरोबर असतोस?” यादी करायचं काम मी घेते. आज जायच्या आधी आपलं नाव आणि शहर माझ्या वहीत लिहून जा.