टॉवर आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'टॉवर आणि आपण'. हल्ली वस्तीत दोन माणसं भेटली की बोलणं यावरच येतं. एक म्हणतो, टॉवर झालाच पाहिजे, संडासाच्या रांगेत किती पिढ्या उभं राहायचं? दुसरा म्हणतो, टॉवर झाला की आपण इथून गेलोच म्हणून समजा. निवडणूक आली की पुढारीही याच दोन बाजूंना वाटले जातात. मला वाटतं, दोघांचंही निम्मं निम्मं खरं आहे. प्रश्न मजले किती हा नाही. त्या मजल्यावर राहणं आपल्याला परवडेल का, हा आहे.

हा प्रश्न नवा नाही. बीडीडी चाळींचंच घ्या. १९२० साली इंग्रज सरकारने मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या ठरल्या. झाल्या साधारण १६ हजार. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. खोली १६० चौरस फुटांची. पण गंमत बघा, शहरात कामगार एकेका खोलीत दाटीने राहत होते आणि वरळीच्या हजारो नव्या खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या. भाडं पगारात बसेना आणि गिरण्या तिथून लांब. पुढे १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या काही चाळी चक्क तुरुंग म्हणून वापरल्या. घर बांधलं म्हणजे गरिबाला घर मिळालं असं होत नाही, हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

दुसरा धडा गिरण्यांच्या जमिनीचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची झाली. बदल दोन-चार शब्दांचा, पण शहराच्या आणि गरिबाच्या वाट्याला येणारी जमीन कितीतरी घटली. उच्च न्यायालयात २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल लागला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने दिला. मग २०१२ साली गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली तेव्हा घरं होती ६,९२५ आणि अर्जदार लाखाच्या वर. मोर्चे तर आपण काढलेच. पण नियमातला शब्द बदलत होता तेव्हा तो वाचणारे आपल्यात किती होते?

आता बीडीडीच्या पुनर्विकासाकडे येऊ. एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झालं, वरळीचं प्रत्यक्ष काम २०२१ साली सुरू झालं, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांचं घर, मालकीचं, आणि स्वतःचा संडास. याला कुणी नावं ठेवू नयेत. ज्या बाईने चाळीस वर्षे रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकाला जाऊन दिवस काढले, तिला विचारा ह्या घराची किंमत.

मात्र 'फुकट घर' हा शब्द आपण तोंडातून काढून टाकावा. त्याच जमिनीवर विक्रीच्या इमारती उभ्या राहतात आणि त्यांच्या पैशातून आपली घरं होतात. ती जमीन इतकी वर्षे आपल्या माणसांनी वसती ठेवली. म्हणून हे दान नव्हे, हक्क आहे. आणि हक्काच्या गोष्टीत प्रश्न विचारता येतात. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, नगररचनाकार शिरीष पटेल यांनी या योजनेविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती. इमारती फार दाटीवाटीच्या आहेत, उजेड-वारा मिळणार नाही, असा त्यांचा आक्षेप. ते काही टॉवरचे किंवा रहिवाशांचे वैरी नव्हते. असा प्रश्न विचारला की काही जण म्हणतात, 'तुम्ही विकासाच्या आड येता.' त्यांचं ऐकू नका.

आपण काय विचारायचं? पहिलं म्हणजे मेंटेनन्स. चाळीत नाममात्र भाडं होतं. चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवण्याची यंत्रणा, वॉचमन, सगळ्याचं बिल दरमहा येतं. पेन्शनीवर जगणाऱ्या विधवा आजीने ते कुठून भरायचं? ते थकलं की घर विकायचा किंवा भाड्याने द्यायचा मोह होतो. विक्रीवर मुदतीची बंदी असली तरी माणूस बदलापूर, नालासोपाऱ्याला जातोच. म्हणून कॉर्पस फंड किती, कुणाच्या ताब्यात, देखभाल किती वर्षे कुणाकडे, हे खोली सोडण्याआधी करारनाम्यात हवं.

दुसरं, पात्र-अपात्रतेची यादी. नाव चुकलं, वारसनोंद राहिली, कागद गावाकडच्या पेटीत, एवढ्यावर कुटुंब अडकतं. आपल्या विहारात रविवारी वकील आणि शिकलेली पोरं बसवून प्रत्येक घराची फाइल तपासता येईल.

तिसरं, एकत्र बसायची जागा. चाळीत गॅलरी होती, मैदान होतं, विहार होता. टॉवरमध्ये दार लावलं की शेजार संपला. विहार, अभ्यासिका, बालवाडी यांची जागा नकाशात लाल रेघेने दाखवलेली पाहा. तोंडी आश्वासन नको.

आणि चौथं, आपली मुलं. एका खोलीचं एक घर झालं. पण त्या खोलीत दोन भाऊ, त्यांचे संसार होते. धाकट्याने जायचं कुठे? २०२३ साली म्हाडाने मुंबईत ४,०८२ घरांची सोडत काढली, अर्ज आले लाखाच्या वर. म्हणून मत मागायला येईल त्याला एवढंच विचारा, बाबा रे, विक्रीच्या टॉवरमध्ये साध्या पगाराच्या माणसाला परवडतील अशी घरं किती? आकडा सांग.

बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत वीसेक वर्षे राहिले. तिथेच वाचलं, लिहिलं, माणसं जोडली. आपल्या वाट्याला मोठं घर येतंय, त्याचा आनंद जरूर करा. पण पहिली सोसायटीची सभा लागेल तेव्हा आपल्या प्रत्येक घरातलं एक माणूस, आणि शक्यतो घरची बाई, हिशेबाची वही मागायला तिथे हजर असू द्या. 

जय भीम.