राबणे हा हाडांचा व्यायाम नव्हे

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू झाली की पन्नाशीतली स्त्रीही कमरेला ओटी बांधून दिवसभर पऱ्हाटीत वाकलेली असते, आणि म्हणूनच तिच्या हाडांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही असे घरोघरी धरून चालले जाते. हा समज चुकीचा आहे.

हाडे कणगीसारखी असतात. तिशीपर्यंत ती भरत जाते, आणि इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक शेणमातीच्या लिंपणासारखे तिची गळती रोखून धरते; रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे पाळी कायमची थांबल्यावर, ते लिंपण निखळते, पहिल्या काही वर्षांत साठा सर्वांत वेगाने घटतो आणि अस्थिसच्छिद्रता, म्हणजे हाडे आतून विरळ व ठिसूळ होण्याची अवस्था, ओढवू शकते. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रीचे लिंपण तर वेळेआधी आणि एकदम उतरते.

गळत्या कणगीत वरून भर घालावीच लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, परंतु १०० ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम तीसच्या आसपास असते, तर तेवढ्याच बिनसडीच्या तिळात हजाराच्या पुढे. म्हणून भाकरीसोबत तिळाची चटणी, शेवग्याचा पाला आणि दही असावे. वेचणीच्या आरंभीच्या सीतादही पूजेत पऱ्हाटीपुढे दहीभात ठेवणाऱ्या घरात वेचणाऱ्या बाईच्या ताटात मात्र दही उरत नाही, हे बरे नव्हे.

नुसती भर पुरत नाही, लिंपणही करावे लागते, आणि ते काम हाडांवर पडणारा भार करतो. हाड नव्या, बदलत्या भाराला प्रतिसाद देते, वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेल्या हालचालीला फारसा नाही; उलट ठिसूळ मणक्यांवर वाकून ओझे उचलल्यास मणका दबू शकतो, आणि ज्याला वयाचा बाक म्हटले जाते तो पुष्कळदा असा न कळलेला अस्थिभंग असतो. म्हणून पुन्हा सांगणे भाग आहे की राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा: पाठ ताठ ठेवून भरभर चालणे, पायऱ्या चढणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, हात न टेकता बाजेवरून उठणे. उन्हाचेही तसेच: वेचताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुमाल अंग झाकतात, त्यामुळे दिवस उन्हात जाऊनही कॅल्शियम शोषण्यास लागणारे ड जीवनसत्त्व कमी पडू शकते.

हाडांची घनता कोणी व केव्हा तपासावी, हा विषय वेळेअभावी राहून जातो. तूर्त घरच्यांनी आईच्या ताटात दही वाढावे आणि तिला चालायला अर्धा तास मोकळा द्यावा, कारण राबण्यात तो धरलेला नाही.